पहिलं बरं की दुसरं

"तुला आवडतील ते घेऊ," ती म्हणाली, आणि त्याचं बटणावरचं बोट होतं तिथेच राहिलं. म्हटलं तर यात काहीच नव्हतं. जगातल्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही काउंटरपाशी, लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली बायको नवऱ्याला हेच म्हणते, आणि नवराही ते पडद्याच्या कापडाबद्दलचं किंवा पंख्याच्या रंगाबद्दलचं वाक्य समजून पुढे जातो. पण हेच शब्द, जवळपास याच क्रमानं, ती मंगळवारी स्वयंपाकघरात म्हणाली होती, आणि त्या शब्दांवर डोकं टेकून तो चार रात्री छान झोपला होता. आज शनिवार. दुकानाच्या मागच्या अंगाला ही खोली, भिंतींना जाड कापड मारलेलं, दाराला हातभर जाडीची फळी, समोर पाच स्पीकर आणि एक भोपळ्याएवढी काळी पेटी. या खोलीत ते शब्द पुन्हा ऐकले आणि घराबाहेर पडून दार ओढून घेतल्यावर खिशात किल्ली नाही हे कळावं, तसं त्याला झालं. त्यानं बोट मागे घेतलं. "माझं सोड गं, तुझे कान काय म्हणतात ते सांग," असं तो हसत हसत म्हणाला, आणि आपण हसत का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुकानाचा मालक आडव्या बांध्याचा, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. वायर जोडून झाली की मान कलती करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. आत आल्यापासून पाचव्या मिनिटाला तिनं त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं आणि नवऱ्याच्या कानात सांगितलंही होतं. या कानसेनानं त्यांना सगळं अगदी पहिलीतल्या मुलांना सांगावं तसं समजावून दिलं होतं. रिसीव्हर म्हणजे घरातला कर्ता माणूस. कुणाला किती द्यायचं, कुणाला कधी बोलवायचं हे तो ठरवतो. पुढचे दोन स्पीकर वाजवणारे, मधला बोलणारा, मागचे दोन नुसती हवा भरणारे, आणि ती काळी पेटी गडगडाट करणारी. शिवाय त्यानं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली होती, ती नवऱ्याला फार आवडली. "दोन स्पीकर तोलून बघताना जो जरा मोठ्यानं वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, साहेब. म्हणून मी आधी दोघांचा आवाज मोजून सारखा करतो. नाहीतर दुकानदार तुम्हाला काय वाट्टेल ते विकेल." हे ऐकून त्यानं कानसेनाकडे एक कारागीर दुसऱ्या कारागिराकडे बघतो तसं बघितलं. कारण त्याचा स्वतःचा धंदाही हाच होता. तो चष्मेवाला. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत आलेला. गरजेपेक्षा जास्त वजा नंबर दिला की अक्षरं बारीक पण काळीकुट्ट दिसतात आणि माणूस खूश होऊन म्हणतो, आहाहा, आता कसं लख्ख दिसतंय. तो लख्ख चष्मा घेऊन घरी जातो आणि आठवडाभर कपाळ धरून बसतो.

दिवसातून चाळीस वेळा तो एकच प्रश्न विचारायचा. पहिलं बरं की दुसरं? काच फिरवायची, थांबायचं, पुन्हा विचारायचं. या प्रश्नाची उत्तरं द्यायला माणसं किती घाबरतात हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. बँकेतले अधिकारी घाबरतात, वकील घाबरतात, जणू चुकीचं उत्तर दिलं तर नापास करणार आहेत. काहीजण समोरचा तक्ता वाचण्याऐवजी त्याचं तोंड वाचतात. तो कुठल्या काचेवर खूश होतो ते बघतात आणि तीच काच बरी म्हणतात. अशांसाठी त्याच्याकडे एक युक्ती होती, त्याच्या गुरूनं शिकवलेली. काच काढायची, बोटात फिरवायची, टक असा आवाज करायचा आणि तीच परत घालायची. आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं? जो म्हणतो दोन्ही सारखंच, त्याचा पुढचा प्रत्येक शब्द खरा धरायचा. जो म्हणतो दुसरं, त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली मारायची आणि तपासणी पहिल्यापासून, आवाज अगदी मुर्दाड ठेवून पुन्हा करायची. विचारताना आवाज वर गेला नाही पाहिजे, खाली गेला नाही पाहिजे. हाताखाली शिकायला येणाऱ्यांना तो हेच सांगत असे. काच कुणीही फिरवेल, बाबा. विचारता आलं पाहिजे.

ती पहिल्यांदा भेटली तीही त्याच खुर्चीत. नुकतीच पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागली होती, दिवसभर काचेच्या नळीतल्या पाण्याचा रंग बघून डोळे दुखतात म्हणून आली होती. त्यानं सवयीप्रमाणे टक केलं आणि विचारलं. जड लोखंडी चौकट नाकावर तशीच ठेवून ती म्हणाली, "तुम्ही काच बदललीच नाही." सारखंच दिसतंय, असं नाही. बदललीच नाही. इतक्या वर्षांत असं म्हणणारी ती एकटीच. त्यानं त्या दिवशी तिच्या कार्डावर नंबर लिहिला आणि दुसऱ्या महिन्यात तिच्या घरी जाऊन आला. मित्रांना सांगताना तो म्हणायचा, रूप बघून नाही केलं, उत्तर ऐकून केलं. यावर ती म्हणायची, म्हणजे रूप नव्हतं म्हणा की सरळ. असं सगळं चांगलं होतं.

मंगळवारी ती कामावरून आली ती पत्र घेऊनच. आठ तासांच्या वाटेवरच्या एका गावात नवी प्रयोगशाळा उभी राहत होती, आणि तिला तिथे प्रमुख म्हणून दोन वर्षं बोलावलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती दुसऱ्याच्या सहीखाली पाणी तपासत आली होती. आता सही तिची. जेवण झालं होतं, ती भांडी विसळत होती, तो पुसत होता. तिनं पाठमोरीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा." मग जरा वेळानं म्हणाला, "जायचंय का तुला? एवढ्या लांब?" तिनं नळ बंद केला. त्याच्याकडे वळून बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "तुला आवडेल ते करू." तो म्हणाला, "मला काय, तू इथे असलीस म्हणजे झालं." ती म्हणाली, "बरं." झालं. दोन वर्षांचा प्रश्न दोन मिनिटांत निकालात निघाला, आणि दुसऱ्याच दिवशी न्याहारीच्या वेळी त्यानं जाहीर केलं की आपण घरात होम थिएटर घेऊ या, कितीदा नुसतं म्हणतोय, आता पोरगी तिच्या घरी सुखात आहे, संध्याकाळी दोघं निवांत बसून काहीतरी बघत जाऊ. तेव्हा हे त्याला अगदी आपोआप सुचल्यासारखं वाटलं होतं. आज सकाळी पायात चपला सरकवताना ती म्हणाली, "सहाच्या आत साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगायचंय, आठवण कर." तो म्हणाला, "करतो की."

दर्शनी दुकानात गिऱ्हाईक आल्याची घंटा वाजली. कानसेन उठला, गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, "हे बटण तुमच्याकडेच असू द्या. एक दाबलं की डावीकडचे वाजतील, दोन दाबलं की हे लाकडी. घाई करू नका. वहिनींना डोळे मिटून ऐकू द्या, डोळे फार लुडबूड करतात." दार बंद झालं आणि त्या खोलीत अशी शांतता झाली की त्याला स्वतःचं गिळणं ऐकू आलं. तिनं सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे व्रण, त्याच्याच दुकानातल्या चष्म्याचे. त्यानं एक दाबलं. कुठल्यातरी बाईचा गाणारा आवाज, मागे एकच तंतुवाद्य. अर्धा मिनिट. मग त्यानं दोन दाबलं, आणि दोन वाजू लागायच्या आतच पुन्हा एक. टक, टक. हे त्याच्या बोटांनी केलं. तो नंतर कितीही वेळा आठवून बघणार होता, पण ठरवून केलं असं त्याला म्हणता येणार नव्हतं. तोच आवाज, तेच स्पीकर, तेच गाणं. "आणि आता हे?" त्यानं विचारलं. तिनं जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "दुसरं. दुसरं जास्त मोकळं वाटतंय."

कोपऱ्यात फुली. पेन्सिल नव्हती, पण फुली त्याला स्पष्ट दिसली. आधी त्याला वाईट वाटलं ते एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल वाटावं तसं. मग ते हळूहळू त्याच्याकडे सरकत आलं. म्हणजे ती मुलगी गेली कुठे, जी नाकावर लोखंड ठेवून म्हणाली होती, बदललीच नाही? तो मागे मागे जात राहिला. घर घेतलं तेव्हा पूर्वेचं की पश्चिमेचं, त्यानं पश्चिमेचं म्हटलं, ती म्हणाली तुला आवडेल ते, आणि पुढे कितीतरी उन्हाळे ती स्वयंपाकघराच्या खिडकीला ओला टॉवेल अडकवत राहिली. मुलीचं नाव. गाडीचा रंग. रविवारी कुणाकडे जायचं. प्रत्येक वेळी त्यानं विचारलं होतं हं, त्याबद्दल त्याला कुणी बोल लावू शकलं नसतं. आमच्याकडे सगळं दोघांच्या विचारानं होतं, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती मान डोलवायची. आता त्या सगळ्या प्रश्नांचे आवाज त्याला एकामागून एक ऐकू येऊ लागले. पश्चिमेचं छान आहे ना? निळीच बरी दिसते, नाही का? एवढ्या लांब? ज्या आवाजात विचारल्याबद्दल त्यानं हाताखालच्या पोरांना भर दुकानात झापलं होतं, त्याच आवाजात तो घरात सत्तावीस वर्षं नंबर काढत आला होता. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या बरोबरीनं, अगदी तिच्या मांडीला मांडी लावून, दुसरं काहीतरी येऊन बसलं, ते म्हणत होतं, गप्प बस. सव्वापाच वाजलेत. पाऊण तास काढ. पाच स्पीकर घे, मोठा रिसीव्हर घे, गाडीत टाक, फोनची आठवण कर आणि घरी जा. कुणाला काही कळलेलं नाही. सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी डबा भरत असेल, आणि तू नेहमीसारखा विचारशील की माझे मोजे कुठे आहेत.

मोज्यांचं आठवल्यावर मात्र त्याला राहवेना. "अगं," तो म्हणाला, "दोन्ही एकच होते. मी बदललंच नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

"मग दुसरं का म्हणालीस?"

"तुला दुसरं हवं होतं म्हणून. विचारताना तू पुढे सरकलास. खुर्ची वाजली." मग तिनं डोळे उघडले. "परीक्षा घेत होतास माझी?"

"सवय आहे."

"ती दुकानात ठेव."

गाणं चालूच होतं. त्यानं ते बंद करायला म्हणून बटण दाबलं तर लाकडी वाजायला लागले. मग रिमोट शोधून त्यानं सगळंच बंद केलं. ती पर्सची चेन उगाच उघडत-मिटत होती. त्याला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. अखेर तो म्हणाला, "मंगळवारीही मी पुढे सरकलो होतो का?"

"नाही. तू ताट पुसत होतास. पुसून झालेलं ताट, तेच तेच." ती हे रागानं म्हणाली नाही. पाण्याचा रिपोर्ट वाचावा तसं म्हणाली, आणि त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं. "इतकं तोंड उतरलं होतं तुझं. म्हटलं, जाऊ दे."

"तुला जायचंय?"

"आता विचारतोयस."

"हो, आता विचारतोय."

"अरे, मंगळवारी विचारलंस ते मी नाही म्हणावं म्हणून. आता विचारतोयस ते मी हो म्हणावं म्हणून, म्हणजे तुला बरं वाटेल, आपण बायकोला अडवलं नाही असं. मला नुसतं कुणी विचारलंच नाही बघ. साहेबांनी विचारलं तेही कसं, तुम्हाला जमणार असेल तर, म्हणे."

त्यानं तोंड उघडलं. जा, असं तो म्हणणार होता. अगदी मनापासून, मोठ्या मनानं. आणि तेवढ्यात त्याला कळलं की हेही त्याचंच झालं असतं. मग ती गेली असती ती तो म्हणाला म्हणून गेली असती. राहिली तर त्याच्यासाठी, गेली तर त्याच्यामुळे. इतक्या वर्षांत तिला या घरात उभं राहायला त्यानं स्वतःच्या बाहेर टीचभरही जागा ठेवली नव्हती, आणि हे सगळं त्यानं प्रेमानं केलं होतं, त्यात खोट नव्हती. तिच्याकडे बघितलं तर तोंडावर काहीतरी उमटणार आणि ती ते वाचणार. बघितलं नाही तर ती तेही वाचणार. तो उठला. "मी बाहेर थांबतो," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं दुकानातल्या आवाजात म्हटलं, ना वर ना खाली. ते जाड दार त्याला खांद्यानं ढकलावं लागलं.

बाहेर कानसेन एका म्हाताऱ्या गृहस्थांना रेडिओची सुई लावून देत होता. त्यानं भुवया उंचावून विचारलं, "ठरलं?"

"ठरतंय," तो म्हणाला.

दाराला वीतभर रुंदीची काच होती, तिच्यातून आतलं दिसत होतं. ती तशीच बसलेली. तिनं फोन काढला, पर्समध्ये परत ठेवला, परत काढला. आतला आवाज बाहेर येत नव्हता. कानसेनानं त्यासाठीच तर एवढा खर्च केला होता. तो दाराकडे पाठ करून उभा राहिला. समोर फळीवर एक रिसीव्हर पाठ फिरवून ठेवला होता, आणि त्या पाठीवर लाल-काळ्या खुंट्यांच्या इतक्या रांगा होत्या की त्यानं त्या मोजायला घेतल्या आणि दोनदा चुकला. त्याला भीती वाटत होती. साधी, पोटातली भीती. तिला मोठं नाव द्यावं असं काही नव्हतं. संध्याकाळी दुकान बंद करून घरी जायचं आणि कुलूप आपणच उघडायचं. एक ताट. आजारी पडलो तर फोनवर खोकायचं. पन्नाशी उलटून चार वर्षं झालेल्या माणसाला दोन वर्षं म्हणजे काय, हे त्याला आत्ता, या खोक्यांच्या गर्दीत उभं राहून कळत होतं, आणि आतमध्ये जाऊन, नको ना जाऊस, असं म्हणावं अशी त्याला इतकी अनावर इच्छा झाली की त्यानं फळीची कड धरली. ती नाही म्हणाली असती तर त्याला आनंद झाला असता. हे त्यानं स्वतःपाशी कबूल केलं, आणि कबूल केल्यावरही ते तसंच राहिलं, जरासुद्धा कमी झालं नाही. म्हातारे गृहस्थ रेडिओ काखेत मारून गेले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले, मग सहाला दहा कमी. त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि हे त्याला त्या वर्षातल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड गेलं.

दार उघडल्याचा आवाज आला. ती खांद्याला पर्स लावून बाहेर आली. चेहरा थोडा तापल्यासारखा लाल, पण पावलं ठरलेली. ती त्याच्याजवळून, त्याच्या कोपराला न लागता, सरळ काउंटरपाशी गेली. चारचौघांत ती त्याला नेहमी अहो म्हणे, निदान एकदा वळून बघे. आत्ता तिनं तसलं काही केलं नाही.

"ते पाच नकोत," ती कानसेनाला म्हणाली. "दोनच द्या. लाकडी. आणि रिसीव्हर दोनाचाच, साधा, फार बटणं नसलेला. रात्री शेजाऱ्यांना त्रास होईल, ती काळी पेटीही नको. मधल्या खोलीत बसवायचेत, कपाट आहे त्या भिंतीला नाही, समोरच्या."

कानसेन चकित झाला. तासाभरात ही बाई एवढं बोलली नव्हती. "अहो पण वहिनी, सिनेमा बघायचा म्हणालात ना? दोघं मिळून?"

"हे एकटेच असणार आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षं. मी पुढच्या महिन्यात जातेय."

कानसेनानं तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याला काय समजलं कोण जाणे. पण धंद्यातला माणूस, त्यानं रीत सोडली नाही. "साहेब, चालेल ना तुम्हाला?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती आणि सोपंही होतं. "चालणार नाही," तो म्हणाला. "पण घेऊ चालवून."

ती त्याच्या तोंडाकडे बघायला वळली नाही. "बांधून द्या," ती कानसेनाला म्हणाली.